बंद न होणारं इंजिन
जळक्या ऑइलचा वास आला की मले परतवाड्यातली ती भर दुपार आठवते. जंगलातली लाकडं वाहणाऱ्या जुन्या मिलिटरी ट्रकाले मी डिझेल इंजिन बसवलं, चालू केलं, अन् ते बंदच होईना. डिझेलची नळी काढून हातात घेतली, तरी कोणी आत बसून एक्सलेटर दाबावं तसा त्याचा वेग चढतच गेला. "मिस्तरी, ह्याच गाडीत मेलेला माझा भाऊ हाय हा!" ड्रायव्हर मांगं सरत बोलला. इंजिन हवा ओढते त्या तोंडावर मी ओलं पोतं दाबलं, तवा ते गप झालं. मंग दिसलं, हवेच्या फिल्टरात धूळ धराले जे ऑइल असते, ते मीच खुणेच्या वर भरलं होतं अन् इंजिन डिझेलच्या जागी तेच पिऊन राहिलं होतं. पण आपली चूक सांगन तो मिस्तरी कसला? "असंन बा," म्हटलं. त्यानं त्याच दिवशी ड्रायव्हरकी सोडली, ते कायमची. आज कबूल करून राहिलो, पण आयकाले तो नाही.