हवालदारांच्या रिकाम्या कुंड्या

बांते हवालदार रोज सकाळी रिकाम्या कुंड्यांना पाणी घालत. रिकाम्या म्हणजे मातीने काठोकाठ भरलेल्या, पण काही न लावलेल्या. मोहाडीच्या आमच्या घरामागे, परसाच्या भिंतीला लागून अशा चार कुंड्या त्यांनी मांडून ठेवल्या होत्या. आंघोळ उरकून, कपाळाला गंध लावून, पितळी लोटा घेऊन ते यायचे आणि चारही कुंड्यांना पाणी द्यायचे. मग उकिडवे बसून वर आलेलं गवत चिमटीने उपटायचे. शेजारच्या बायका कुंपणावरून मला विचारत, "मॅडम, तुमच्या भाडेकरूचं डोस्कं ठिकानावर हाये ना?" मी हो म्हणायची. ठिकाणावरच होतं, आणि सगळा त्रास त्यातूनच झाला.

मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. यजमानांची नोकरी बाहेरगावी, ते शनिवारी-रविवारी येतात. मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या या हवालदारांना दिल्या. त्यांचं गाव अड्याळकडचं, पण तिथलं घर भावांच्या वाट्याला गेलेलं आणि स्वतःचं सगळं आयुष्य पोलीस लाइनीत गेलेलं. मूलबाळ नाही. नवरा-बायको दोघंच. भाडेकरू ठेवला की त्याची माहिती ठाण्यात द्यावी लागते. मी ते विसरले होते. हवालदार स्वतःच जाऊन स्वतःची माहिती देऊन आले आणि मला म्हणाले, "तुमचं काम होतं मॅडम, पन मी करून आलो. उद्या कोनी इचारलं तं तुमच्यावर यायले नाई पायजे."

असा माणूस. सायकलवर बाजारात जायचे तरी डाव्या बाजूनेच. तोंडात एक वाक्य कायम असायचं: "आपोआप काईच उगवत नाई, मॅडम." वर्गातली दोन पोरं आपोआप भांडली असं मी सांगितलं, की हे वाक्य. नळाचं पाणी आपोआप गढूळ झालं म्हटलं, की हेच वाक्य. त्यामागे एक गोष्ट होती. ती त्यांनी यजमानांना चहा पिता पिता सांगितली, तेव्हा मी तिथंच होते.

नोकरीत असताना त्यांनी गांजाची झाडं शोधून शोधून उपटली होती. भाताच्या खाचरांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर लावतात, त्या तुरीच्या ओळीत एखादं झाड लपवलेलं असायचं. लांबून सारखंच हिरवं दिसतं, पण हवालदारांना रस्त्यावरून ओळखू यायचं. एकदा एका म्हाताऱ्याच्या उकिरड्याशेजारी पुरुषभर उंचीचं झाड सापडलं. म्हातारा हात जोडून म्हणत होता, पेरलं नाही साहेब, आपोआप निघालं, मी फक्त पाणी टाकलं. "सारेच असे म्हनतात," हवालदार हसत म्हणाले. "मी पंचनामा केलो, झाड उपडलो, बुढ्याले गाडीत बसवलो. खटला उभा राहाच्या आंधीच तो जेलात मेला. पन कायदा म्हनजे कायदा." गोष्ट संपल्यावर यजमान हसले नाहीत. तेव्हा हवालदारांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले.

त्यांची बायको यमुनाबाई अगदी उलट. तोंडाळ, हसऱ्या, दिवसभर कुणाची ना कुणाची नक्कल करणाऱ्या. नवऱ्याला त्या 'हवालदार'च म्हणत, तेही अशा सुरात, की आता सलाम ठोकतील असं वाटावं. हवालदार त्यांना बुढी म्हणत. दातांना तंबाखूची नस, म्हणजे बारीक पूड, लावायची त्यांना लहानपणापासूनची सवय. हिरडीला फोड आला, तो हटेना, आणि नागपूरला नेलं तेव्हा जबड्यात कॅन्सर निघाला. किरणांनी शेकवून झालं, सुया झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी ठेवा आणि दुखणार नाही तेवढं पाहा.

पण दुखत होतं, आणि तेच थांबत नव्हतं. दवाखान्यातल्या गोळ्यांनी त्यांना सारखं ओकारी व्हायची, पोटात काही ठरायचं नाही. मग नागपूरच्याच एका वैद्यांनी विजयाचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे भांगेची पानं, त्यांचं तेल औषध म्हणून कायद्याने मिळतं. जिभेखाली दोन थेंब. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर यमुनाबाई खाटेवर बसून पेज पीत होत्या आणि एका गालाने आमच्या दूधवाल्याची नक्कल करत होत्या. हवालदार दारात उभे राहून बघत होते. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दोन बाटल्या मिळाल्या, मग तेल यायचं बंद झालं. वैद्यांचा फोन लागायचा, ते पुढच्या आठवड्यात म्हणायचे, आणि तो आठवडा काही आला नाही. यमुनाबाईंनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. दुपारी शाळा सुटून मी घरात शिरले की मागून त्यांचा आवाज यायचा. ओरडणं नव्हे, गाय विताना करते तसं दबलेलं काहीतरी. मी चहा टाकायची आणि तसाच ओतून द्यायची.

तेव्हा एके दिवशी हवालदार इस्त्रीचा सदरा घालून माझ्या पुढच्या दाराशी आले. मागच्या दाराने नेहमी येणारा माणूस.

"मॅडम, एक इचारतो. तुमचं घर हाये म्हनून इचारतो. परसात गांज्याचं झाड लावलं तं तुमची हरकत हाये का?"

मी आत या म्हटलं, ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"चोरून नाई. परवानगी काहाडून. औषधासाठी परवानगी देता येते असं कायद्यात लिवलं हाये. वरतं उत्तरेकडं पहाडात देतात मने. आपन मागून पाहू. पन भाड्याचं घर. घरमालकाची हरकत नसली पायजे."

मी हरकत नाही म्हटलं. त्यांनी ते माझ्याकडून लिहूनही घेतलं.

मग त्यांच्या चकरा सुरू झाल्या. अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत गेला. कुठल्या टेबलावर ठेवायचा तेच कुणाला कळेना, कारण घरात बायकोसाठी एक झाड लावू द्या असं आजवर कुणी मागितलंच नव्हतं. एका साहेबाने विचारलं, हवालदार, थट्टा करता का. दुसऱ्याने डोळा मारून सांगितलं, गुपचूप लावून टाका, तुम्हाला कोण पकडतं. हे ऐकून ते तडक घरी आले. "मलेच सांगून राहिला," एवढंच म्हणाले.

दरम्यान त्यांनी कुंड्या तयार केल्या. परवानगी आली की एक दिवस वाया जायला नको. गावाबाहेर एक बोडी आहे, लहानसा तलाव, त्याच्या पाळीवर महादेवाचं देऊळ. देवळामागची काळी माती त्यांनी सायकलवरून पोत्यात भरून आणली, चाळली, शेणखत मिसळलं, आणि रोजचं पाणी सुरू झालं. यमुनाबाईंची खाट त्यांनी मागच्या दाराशी ओढून घेतली होती, उजेड यावा म्हणून. खाटेवरून कुंड्या दिसायच्या.

एकदा आमच्या दूधवाल्याने दुधाच्या लोट्याबरोबर एक कागदाची पुडी ठेवली. चांगल्या मनानेच ठेवली होती बिचाऱ्याने. हवालदारांनी पुडीचा वास घेतला, गांजाच होता, आणि सायकल काढून त्याच्या गोठ्यापर्यंत जाऊन परत देऊन आले. यमुनाबाईंनी सगळं पाहिलं होतं. त्या मला म्हणाल्या, "माहा नवरा लय इमानदार हाये, मॅडम." आणि त्यांनी डोळे मिटले. मला त्या वेळी हवालदारांचा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

पावसाळा लागला. पाणी घालायचं काम उरलं नाही, पण हवालदार सकाळी कुंड्यांशी यायचेच आणि गवत उपटायचे. एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. तीन कुंड्या साफ करून ते चौथीपाशी बसले, हात पुढे नेला आणि मागे घेतला. उठून घरात गेले. मी जाऊन पाहिलं. कातरलेल्या कडांची चार-पाच पानं असलेलं एक बोटभर रोप होतं. मला काही ते झाड ठाऊक नव्हतं. पण हवालदारांचा हात मागे आला होता, त्यावरून कळलं.

मी परतून उरलेले कपडे वाळत घातले. त्यानंतर ते तीनच कुंड्यांतलं गवत काढायचे, चौथीकडे पाठ करून बसायचे. रोप गुडघ्याएवढं झालं, मग कमरेएवढं. यमुनाबाई खाटेवरून त्याच्याकडे बघत पडलेल्या असायच्या. शब्द फुटणं कठीण झालं होतं, तरी एकदा मला जवळ बोलावून पुटपुटल्या, "हवालदार आंधळे झाले मॅडम. होऊ दे. तुम्ही काई बोलू नका." आणि त्या हसल्या. त्या दिवसांत त्यांनी दोनदा अंगाला साबण लावून घेतला, केस विंचरून घेतले. पाहुणा यायचा असला की करतात तसं.

माझाही जीव त्या झाडात अडकला होता हे कबूल करते. शाळेतून आले की आधी परसात डोकवायची.

नवरात्र आलं. एका रविवारी दुपारी हवालदारांनी मला आणि यजमानांना मागे बोलावलं. ते जुना खाकी पट्टा बांधून उभे होते. झाडाच्या शेंड्याला हिरवट, चिकट तुरा धरू लागला होता.

"फुलावर आलं," ते म्हणाले. "गांजा म्हनतात तो याच फुलाले. आता पंचनामा करा लागते. तुम्ही दोघं पंच."

खाटेवरून यमुनाबाई म्हणाल्या, "मले करा पंच."

"घरचं मानूस चालत नाई."

"मंग साक्षीदार म्हना. उपडाचंच असंन तं माह्यासमोर उपडा. तिकडे तोंड करून नका उपडू."

यजमान पुढे झाले. "हवालदार, सोडा हो. आम्ही काही पाहिलं नाही." हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी झाड बुंध्याशी दोन्ही हातांनी धरलं, खाटेकडे तोंड केलं आणि ओढलं. ओल्या मातीतून ते लगेच आलं. कागदावर आमच्या सह्या घेतल्या. मी सही केली, कारण त्यांनी पेनाचं टोपण स्वतः काढून पुढे धरलं, तेव्हा नाही म्हणवेना. मग परसाच्या कोपऱ्यात भाताची तणस पेटवून त्यांनी झाड त्यावर ठेवलं. ओलं झाड, जळेना, नुसता धूर. वारा घराकडे होता. हवालदार मागचं दार लावायला धावले.

"राहू द्या उघडं," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी मान उचलली आणि नाकाने धूर ओढून घेतला, जमेल तितका. खोकल्या. पुन्हा ओढला. "एवढाच होता का माह्या वाट्याचा," असं म्हणून उशीवर पडल्या. हवालदार दार धरून तसेच उभे होते.

दिवाळीच्या आधी, धानाची कापणी चालू असताना त्या गेल्या. शेवटचे दिवस वाईट गेले. त्याबद्दल लिहायची माझी इच्छा नाही. अर्जाचं उत्तर त्या असेपर्यंत आलं नाही, आणि पुढेही आलं नाही.

तेरवी झाल्यावर हवालदारांनी खोल्या सोडल्या. पुतण्याने गावाकडे एक खोली दिली होती. किल्ली द्यायला ते आले तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, झाड तुम्ही लावलं नव्हतं, आपसूक आलं होतं, तुमच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं, मग उपटलं कशाला?

ते ओट्यावर टेकले.

"आपोआप काईच उगवत नाई, मॅडम," ते म्हणाले. "ते माती मी देवळामागून कायले आनलो? घरामांगं माती नोहोती का? त्या पाळीवर चिलीमवाले बसतात. गांज्याची पुडी सोडतात, बिया निवडतात आन थितंच फेकतात. मी नोकरीभर हेच पाहिलो. मले मालूम होतं माती कोनती हाये. पेरलं तं गुन्हा होते, म्हनून पेरलो नाई. पानी टाकलो फक्त. निघालं तं निघालं, असा म्हनत होतो."

इतके महिने, रोज सकाळी, गंध लावून.

"मंग ते निघालं," ते म्हणाले. "वाढलं. मी रोज मनात म्हनो, पेरलो नाई, पानी टाकलो फक्त. आन रोज तो बुढा आठवे. त्यानंबी मले हेच सांगतलं होतं. हेच शब्द. मी त्याले सोडलो नाई. सोताले कसा सोडू?"

"आणि यमुनाबाई?" मी म्हटलं. "त्यांनी कुणाला पकडलं होतं?"

ते उठले. किल्ली माझ्या हातात दिली, सायकलीला पिशव्या अडकवल्या, आणि फाटकाशी जाऊन परत फिरले.

"कुंड्या राहू देतो. त्यात पानी नका टाकू, मॅडम. अजून काय काय असंन मातीत."

मी पाणी टाकलं नाही. उन्हाळाभर कुंड्या भिंतीशी कोरड्या पडून आहेत, मातीला भेगा गेल्यात. खोल्यांना नवीन भाडेकरू यायचा आहे. पाऊस लागायच्या आत कुंड्या छपरीत ओढून घ्याव्यात, असं रोज म्हणते. अजून घेतल्या नाहीत.