शेठ सोफ्यावर

माझी आत्या कुत्र्यामांजरांची चित्रं काढते आणि चिडते ते मात्र माणसांवर. "जनावर बिचारं सरळ असतं, फोटो काढणाराच वाकडा," असं तिचं म्हणणं. चित्राला तिला पंधरा दिवस लागतात. फोटो निवडायला कधीकधी त्याहून जास्त. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ती त्याला खिडकीशी बसवते आणि त्याच्या मोबाइलमधला एकेक फोटो स्वतः बघते.

परवा एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा, शेठ, महिन्यापूर्वी गेला होता. त्यांच्या पत्नी अजून रोज त्याच्या वाडग्यात पाणी भरत होत्या. चित्र या बाईंसाठी हवं होतं. "तिला आपला शेठच दिसला पाहिजे," सर म्हणाले. "त्याच्यासारखा दुसरा कुणी नको."

फोटो चारशे, पण कामाचा एक सापडेना. बहुतेक उभ्याने काढलेले, त्यामुळे डोकं भोपळ्याएवढं आणि पाय काडीएवढे. फ्लॅशने डोळे हिरवे झालेले.

"सर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कधी बसलाच नाहीत का हो?" आत्या करवादली. सरांचा चेहरा पडला. मला आत्याचा रागच आला. गेलेल्या कुत्र्याचा नवा फोटो ते आणणार कुठून?

तेवढ्यात तिचं बोट थांबलं. शेठ सोफ्यावर ऐसपैस पसरलेला, खिडकीचा उजेड गालावर, एक कान उभा, एक पडलेला, नजर थेट समोर. "हा!"

"हा नको!" सर दचकले. शेठने सोफ्यावर चढायचं नाही, हा बाईंचा कायदा होता. त्या बाहेर गेल्या की सर त्याला सोफा द्यायचे आणि स्वतः जमिनीवर बसायचे. म्हणूनच फोटो बरोबर उंचीवर आला होता. जन्मभर पोरांच्या थापा पकडणारा माणूस अकरा वर्षं घरात चोरी पचवून बसला होता.

"सोफा गाळता येईल?" सरांनी हळूच विचारलं.

"येईल. पण मग तो एवढा खूश कशावर आहे, ते कळणार नाही."

सरांनी तो फोटो पुन्हा एकदा निरखला. "सोफ्यासकट काढा. होईल ते होईल."

चित्र न्यायला दोघंही आले. बाईंनी वरचा कागद काढला आणि ओरडल्याच, "शेठ, उतर खाली!" मग त्यांनी तोंडावर हात दाबला आणि रडू लागल्या. सर मान खाली घालून उभे.

थोड्या वेळाने बाईंनी डोळे पुसले, पर्समधून आपला मोबाइल काढला आणि सरांपुढे धरला. तोच सोफा, तोच शेठ, अगदी समोरून.

"तुम्ही केस कापायला गेला होतात, तेव्हाचा," त्या म्हणाल्या. "मीही खालीच बसले होते."