रगताचा जबाब

सुई दुसऱ्याच्या दंडात टोचायची होती आणि चक्कर मला आली.

डोळे उघडले तेव्हा मी शाळेच्या ओसरीवर आडवा होतो आणि एक म्हातारी पदराने वारा घालत होती. "ऊठ बापू," ती म्हणाली. "रगत माहं निंगनार हाय. तू काहून पडून राह्यला?"

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वाशीमच्या बाजूला आमची तुकडी गावोगाव रक्त तपासत हिंडत होती. काही घरांत आईबापांकडून लेकरांत एक आजार उतरतो, हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात. त्याचा शोध चालला होता. शोध डॉक्टरांकडे, नळ्या आणि सबबी माझ्याकडे.

म्हातारी आसेगावकडची, मजुरीवर जाणारी. त्या दिवशी तिने आधी स्वतःचं रक्त दिलं, ते मागे उभ्या असलेल्या सुनेला धीर यावा म्हणून. मग सुनेचं देवविलं. सुनेचे सांधे असे दुखत की निंदता निंदता ती शेताच्या धुऱ्यावर आडवी होई. गाव म्हणे कामचुकार. मुलगा म्हणे, मी दुसरी करतो.

"ढोंग हाय का दुखनं, एवढं सांग," म्हातारी म्हणाली. "तुरी निंगेपर्यंत पोराले थांबवलं मी."

"कळवतो," मी म्हणालो. आम्ही सगळ्यांनाच कळवतो म्हणायचो. तुम्हीही म्हणत असाल. ते खरं धरून चालणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

मेडशीला जीपमधून उतरलो तर एसटीच्या थांब्यावर ही बसलेली. "मंग, आला का रगताचा जबाब?" नळ्या नागपूरला गेल्यात, मी म्हणालो. पुढच्या गावी पुन्हा हजर. मी नागपूरची मशीन बिघडवली. त्यापुढच्या गावी तिथली लाईट घालवली.

"नागपूरले लय अंधार दिसते," ती म्हणाली आणि परतीची गाडी बघायला गेली.

पोहरादेवीला आली ती एका हाताने सून आणि दुसऱ्याने मुलगा धरून. तुरी निघाल्या होत्या. डॉक्टरांसमोर बसकण मारून म्हणाली, "इथंच काढा, इथंच पाहा, इथंच सांगा. मी काई उठत नाई."

"इथेही दिसतं की," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. सूक्ष्मदर्शक जीपमध्येच होता. त्याच्या पेटीवर मी रोज जेवणाचा डबा ठेवत असे.

सुनेच्या रक्ताचा थेंब काचेवर गेला, त्यावर औषध पडलं. उन्हं कलली तरी म्हातारी जागची हलली नाही. मग डॉक्टरांनी आधी मुलाला बोलावलं, नंतर तिला. गोल पेशी वाकून विळ्यासारख्या झाल्या होत्या. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे असे इळे आंगात फिरून राह्यले," ती मुलाला म्हणाली, "अन् आपन तिले ढोंगी म्हनलं."

'आपन' म्हणाली. मी नीट ऐकलं.

डॉक्टरांनी सांगितलं, बरं करणारं औषध नाही. पाणी भरपूर प्यायचं, ओझं उचलायचं नाही, थंडीत भिजायचं नाही.

"आयकलं?" म्हातारी मुलावर वळली. "पानी आता तू भरशीन. अन् दुसरीचं नाव काढलं त घरात मी तरी राहीन नाई त तू."

बऱ्याच वर्षांनी आसेगावात गेलो. म्हातारी वारली होती. सून ओट्यावर डाळ निवडत होती, शेजारी पाण्याचा तांब्या. नवरा विहिरीवर गेला होता, पाणी आणायला. मी बाजेकडे सरकत जरा ऐटीतच म्हणालो, तुमच्या आजाराच्या शोधात मीही होतो बरं का.

तिने मला खालून वर निरखलं.

"बाजीवर नका बसू," ती म्हणाली. "खालीच बसा. वरून पडसान त लागीन."