क्लच माझा, गिअर ह्यांचा

शेजारच्या गुजराती बेननी दार वाजवलं. "भाभी, फोन है. जीपवाला बोलता है, गाडी आ गयी."

आमच्या मजल्यावर फोन फक्त त्यांच्याकडे होता. मी हातातलं लाटणं तसंच घेऊन गेले. पलीकडचा माणूस माझं अभिनंदन करत होता. नंबर लागला, गाडी शोरूमला आली, कधीही घेऊन जा, पेढे विसरू नका. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि घरात न जाता जिन्यात उभी राहिले. ज्यांनी ती जीप बुक केली होती ते माझे यजमान आत कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि त्यांना डावा पाय नव्हता.

नव्वदीची सुरुवात असेल. लालबागची खोली सोडून आम्ही मीरा रोडला ब्लॉक घेतला होता, दोघंच. नळाला पाणी नव्हतं, टँकर आला की मी बादल्या घेऊन धावायचे आणि मग ऑफिसला पळायचे. हे हाटकेशच्या एका वर्कशॉपमध्ये होते. घोडबंदर रोडच्या दगडखाणींवर मशीन बंद पडलं की स्कूटर काढून दुरुस्तीला जायचे. लग्नाआधी कोकणात धरणाच्या कामावर असताना ह्यांच्या हाताखाली सरकारी जीप होती. नदीतून नेली, चिखलातून काढली, डोंगरावर चढवली, सगळं मी इतक्यांदा ऐकलं होतं की मीच ती चालवली असं वाटायचं. जीपचं नाव निघालं की ह्यांचा चेहरा जसा खुलायचा तसा माझं नाव निघाल्यावर खुललेला मी काही पाहिला नाही. खाणींच्या रस्त्यांना स्कूटर टिकत नाही, या सबबीवर एक दिवस हे जाऊन नवी जीप बुक करून आले. ती यायच्या आत वरसाव्याच्या पुलाजवळ ट्रकनं स्कूटरला उडवलं. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून हे एकच वाक्य बोलायचे. "मला सोड तू. माहेरी जा."

पहिल्यांदा मी रडले. दुसऱ्यांदा भांडले. नंतर नंतर मी म्हणायचे, "कुठं सोडू? स्टेशनला?" पूर्वी असल्या फालतू विनोदावर हे खो खो हसायचे. आता हसत नसत. लावून बघा म्हणून दिलेला नकली पाय ह्यांनी माळ्यावर टाकायला लावला. मी झोपेच्या गोळ्यांची बाटली पर्समध्ये घालून ऑफिसला न्यायचे आणि जाताना गॅलरीच्या दाराला कुलूप लावायचे. का लावते हे ह्यांनी कधी विचारलं नाही. ते विचारत नाहीत याचीच मला जास्त भीती वाटायची. संध्याकाळी जिना चढताना मी कान आमच्या दाराकडे लावायचे. आत कॉट करकरल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा.

त्या दिवशी फोन ठेवून घरात आले आणि मुद्दाम भांड्यांशी आदळआपट करत म्हणाले, "जीप आलीय. नको म्हणून कळवते."

भिंतीकडूनच आवाज आला, "रंग कुठला म्हणाले?"

कित्येक महिन्यांत ह्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला. रंग मी विचारलाच नव्हता. "हिरवा," मी ठोकून दिलं.

दीर म्हणाले, वहिनी, वेड लागलंय का? आई म्हणाली, लंगड्या माणसाला जीप? मी कुणाचं ऐकत नाही, हा लौकिक मी माहेराहूनच घेऊन आले होते. गाडी चालवायचं लायसन्सही माझ्याकडे होतं. "बायकांना क्लच जमत नाही," असं हे एकदा म्हणाले होते, त्या रागानं मी भाईंदरला ड्रायव्हिंग स्कूल लावून ते काढलं होतं. काढल्यापासून ते कपाटात साड्यांखाली होतं, ही गोष्ट वेगळी.

गाडी आणायला रिक्षानं गेलो. "तुम्ही आलात तरच घेईन," असा मी हट्टच धरला होता. हे कुबड्या मांडीवर आडव्या धरून बसले होते. वरसाव्याच्या पुलाजवळ ह्यांनी डोळे मिटले आणि पुढे पार ठाण्याजवळ शोरूम आल्यावर उघडले.

जीप करड्या रंगाची निघाली. ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. शोरूमच्या माणसानं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढायला मला कुंकू दिलं, नारळ ह्यांच्या हातात दिला. कुबड्या सांभाळत नारळ कसा फोडणार? तो नारळ तसाच घेऊन हे उभे राहिले. मग गाडीला टेकले, तिच्याच बंपरवर ह्यांनी तो फोडला आणि नव्याकोऱ्या बंपरला पोचा पाडला. "गेला एकदाचा नवेपणा," हे म्हणाले.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, हे शेजारी. इंजिन सुरू झालं आणि सगळा सांगाडा थरथरायला लागला. क्लच दाबला, तर तो दाबायला मला सीटवरून जवळजवळ उठावं लागलं. मग पहिला गिअर टाकायला मी सवयीनं स्टिअरिंगच्या मागे हात घातला. हाताला काहीच लागेना. परत चाचपलं. शोरूमचा माणूस हसू दाबत बाहेर बघायला लागला.

मी ज्या गाडीवर शिकले तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच होता. शिकवणीच्या बहुतेक गाड्या त्या वेळी तशाच. इथे तो दोघांच्या मध्ये जमिनीतून वर आला होता आणि त्याला चिकटून आणखी एक बुटका दांडा होता. चिखलात चारही चाकांना ताकद द्यायला असतो तो, हे मला फार नंतर कळलं. मी त्या दोघांकडे बघतच राहिले. आपण काय करून बसलो आहोत हे मला त्या क्षणी कळलं आणि रडू यायला लागलं.

"तू खाली बघू नकोस," हे म्हणाले आणि उजवा हात गिअरवर ठेवला. "पाय तुझे, गिअर माझा. मी दाब म्हणालो की क्लच दाब. सोड म्हणालो की सोड. हळू."

"दाब." मी दाबला. खट् करून गिअर पडला. "सोड."

हा शब्द मी घरी रोजच ऐकत होते. पण पाय सुटला आणि लिंबं चिरडून जीप रस्त्यावर आली.

त्याच रस्त्यानं घरी येईपर्यंत मी घामानं भिजले होते. वरसावे आलं तेव्हा ह्यांचा हात गिअरवर नुसता पडून होता. समोर चढ होता, इंजिन रडत होतं, मागचा ट्रकवाला शिव्या घालत होता. मी ओरडले, "अहो, गिअर!" ह्यांचं लक्षच नव्हतं. मी पुन्हा ओरडले तेव्हा कुठे हे भानावर आले. "दाब," इतक्या हळू म्हणाले की मला ओठांवरून समजलं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी आम्ही बाहेर पडायला लागलो. सोसायटीतले लोक गॅलरीतून बघायचे. दाब, सोड, दाब, सोड, एवढंच आमचं बोलणं. ह्यांचा गेलेला पाय डावा आणि माझाच डावा पाय रात्रभर ठणकायचा, याचं मला हसू यायचं. पण घरी आलं की हे परत भिंतीकडे तोंड करायचे. गाडीत "सोड" म्हणणारा माणूस घरात तोच शब्द दुसऱ्या अर्थानं म्हणायचा आणि मी तो रोज ऐकायचे. मी थकले होते. एकदा ऑफिसमध्ये पर्समधली ती बाटली हातात घेऊन बघत बसले. आपण ती का बघतोय हे लक्षात आलं तेव्हा झटकन पर्सच्या तळाशी कोंबली.

एका रविवारी हे आपणहून म्हणाले, "उत्तनच्या पुढे चौकला जाऊ. समुद्र बघू." मला इतका आनंद झाला की मी डबासुद्धा केला. भाईंदरचं रेल्वे फाटक ओलांडून, मिठागरांच्या मधून आम्ही निघालो. उत्तनला बोंबील वाळत घातले होते. चौकच्या पुढे वस्ती संपली तशी ह्यांनी गाडी खाली किनाऱ्यावर घ्यायला लावली. ओहोटी होती. ओली वाळू कडक दिसत होती. "अजून पुढे," हे म्हणत राहिले. पार पाण्याजवळ गेल्यावर "थांबव" म्हणाले.

गाडी थांबली. बराच वेळ हे पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तू जरा गावात जा. मासे घेऊन ये. मी बसतो इथे."

ह्यांनी मला माझ्या उभ्या आयुष्यात मासे आणायला पाठवलं नव्हतं. मासे हेच आणायचे, मला पारख नाही म्हणून. मी ह्यांच्याकडे बघितलं. कुबड्या ह्यांनी आधीच मागच्या सीटवरून पुढे घेतल्या होत्या.

"नाही जात," मी म्हणाले.

"जा म्हणतोय ना."

"तुम्ही पण चला."

दूर वाळूवरून टोपली घेतलेली एक कोळीण ओरडली, "पानी येतंय बाय! गारी काढा, हितं न्हाय ठेवायची!" आणि ती तशीच लगबगीनं वर निघून गेली.

मी घाईघाईनं किल्ली फिरवली. हे गिअर टाकेनात म्हणून तो मीच कसातरी टाकला, करकरत, आणि भसकन क्लच सोडला. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली बसली. मी आणखी रेस दिली. आणखी बसली. इंजिन बंद पडलं. माझ्या बाजूनं पहिली लाट चाकाला लागून गेली.

मी चौफेर बघितलं. गावाकडे धावत गेले असते तर माणसं आली असती, ह्यांना उचलूनही नेलं असतं. पण धावत जायचं म्हणजे ह्यांना इथे एकटं ठेवून जायचं. परत येईन तेव्हा गाडी असेल आणि त्यात कुणी नसेल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मला उठवेना. मी क्लच दाबून किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आणि क्लच तसाच दाबून धरून मी स्टिअरिंगला लटकून रडायला लागले.

"सोड," हे म्हणाले.

"नाही सोडणार."

"अगं, ऐक माझं. सोड."

"नाही सोडणार म्हटलं ना! तुम्ही इथे बसणार असाल तर मी पण बसणार. दोघं बसू. डबा आणलाय मी. जेवू आणि बुडू!" मी काय बोलत होते ते मलाच कळत नव्हतं. पायात गोळा आला होता, पण क्लच मी तळापर्यंत दाबून धरला होता. तो सुटला तर सगळंच सुटेल असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. "गेल्या वर्षभरात मी काय केलंय ते माहितीय तुम्हाला? रोज जिना चढताना मी मरतेय. रोज! आणि तुम्ही मला मासे आणायला पाठवताय!"

उघड्या दारातून लाट माझ्या मांडीपर्यंत उडाली, ओसरली. मग ह्यांनी कुबड्या उचलून मागे टाकल्या. दोन्ही हातांनी तो बुटका दांडा धरून जोरात मागे ओढला. गाडीच्या पोटात काहीतरी धाडकन बसलं. मग मोठा गिअर.

"सोड," हे पुन्हा म्हणाले.

मी मान हलवली. मला सोडताच येईना. पाय माझा राहिलाच नव्हता. तेव्हा ह्यांनी वाकून माझा गुडघा धरला आणि हळूहळू वर उचलला. जीप हादरली, चारही चाकं एकदम काहीतरी शोधायला लागल्यासारखी फिरली आणि आम्ही मुंगीच्या पावलानं वर निघालो. हे एका हातानं माझा गुडघा आणि दुसऱ्या हातानं गिअर धरून होते. कोरड्या वाळूवर आल्यावरसुद्धा सोडला नाही.

आम्ही परत निघालो. माझी साडी मांडीपर्यंत ओली होती. डबा तसाच मागे हिंदकळत होता. भाईंदरला फाटक पडलेलं होतं. पुढे टेम्पो, मागे रिक्षा, आम्ही मध्ये. लोकल जाईपर्यंत थांबायचं होतं.

शेवटी मीच विचारलं. न विचारता मला जिना चढता आला नसता. "तिथं सोड म्हणालात ते क्लच ना?"

हे समोरच्या टेम्पोकडे बघत होते. खोटं बोलले असते तर मी ते आनंदानं मानलं असतं.

"शेवटचं तेवढं क्लच," हे म्हणाले.

फाटक वर गेलं. टेम्पो निघाला. मला समोरचं काही दिसत नव्हतं. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले.

"दाब," हे म्हणाले. मी दाबला.