पिंप्राळ्यातले नारळ

मडगावहून निघालो तेव्हा सामानात उकड्या तांदळाचं पोतं, आमसुलांची बरणी आणि नारळ खवायची विळी होती. शेजारच्यांनी ते सगळं टेंपोत चढताना पाहिलं आणि वाळवंटात चाललात का, असं विचारलं. मी म्हटलं, जळगावला. त्यावर त्यांनी आतून आणखी एक लोणच्याची बरणी आणून दिली.

वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, बँकेत बढती मिळाली होती आणि बढतीच्या शेपटाला बदली होती. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो. ते काम कुठेही होतं. स्वयंपाकही लग्नापासून माझ्याकडेच आहे. त्यामुळे तिच्या वाट्याला आलं ते बँकेतलं जळगाव आणि माझ्या वाट्याला पिशवी घेऊन हिंडायचं जळगाव.

स्टेशनाबाहेर ऊन असं होतं की सावलीतही डोळे मिटावेत. रिक्षावाल्याने वाटेत सोन्याच्या पेढ्या मोठ्या अभिमानाने दाखवल्या. इथलं सोनं घ्यायला कुठून कुठून लोक येतात, असं तो सांगत होता. मी त्याला कोथिंबीर कुठे मिळते ते विचारलं. त्याने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं.

घर पिंप्राळ्यात मिळालं, एका कॉलनीत, वरच्या मजल्यावर. कोपऱ्यावर नानांचं किराणा दुकान. नाना साठीचे, मूळचे शिरपूरकडच्या एका खेड्यातले. गिऱ्हाइकाशी शहरातली मराठी बोलत, पण हिशेब पुटपुटताना किंवा वैतागले की अहिराणीवर येत. पहिल्याच दिवशी मी ज्वारी मागितली तर म्हणाले, "दादर देऊ?" मी म्हटलं, नाही हो, मी मडगावचा. दादर ही इकडची टपोरी रब्बी ज्वारी, हे नंतर कळलं. गाडीवर गिलकी म्हणून ओरडत होते ती आपली घोसाळी निघाली. केळ्यांच्या जिल्ह्यात चांगली केळी मागितली तर केळीवाला म्हणाला, चांगली ट्रकमध्ये बसून दिल्लीला गेली. तीस वर्षं मराठीवर पोट भरणारा मी, पण मराठीतून भाजी आणणं वेगळं, हे आठवडाभरात मान्य केलं.

नारळाचं मात्र असं झालं. मी नानांकडे नारळ मागितला. त्यांनी तो कपड्याने पुसला, शेंडी माझ्याकडे करून दोन्ही हातांनी दिला आणि न मागता कापराची पुडी वर ठेवली. कोणत्या मंदिरात जाणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मंदिरात नाही, घरीच लागतो. नानांनी मान हलवली. मीही हलवली. आमचं दोघांचं एकमेकांना नीट कळलं, अशी माझी समजूत झाली.

इकडे सुकं खोबरं काळ्या मसाल्यात जातं. ओला नारळ देवाचा. एक दिवसाआड कुणी तो घरी नेत असेल तर घरात काहीतरी मोठं चालू असणार. पुरुष माणूस नेत असेल तर शंकाच नको. तो आमटीत घालायला नेत असेल, हे नानांच्याच काय, कॉलनीत कुणाच्याच मनात येणं शक्य नव्हतं.

मला उलगडा झाला तेव्हा फार उशीर झाला होता. बँकेतल्या मॅडमचे मिस्टर अनुष्ठानाला बसलेत, ही बातमी सगळीकडे पोचली होती. समोरचे गृहस्थ मला पाहून तोंडातला तंबाखू थुंकून नमस्कार करू लागले. एका बाईंनी नव्या स्कूटरला माझा हात लावून घेतला. खरं सांगायला हवं होतं. पण नव्या गावात कुणी ओळखत नसताना अचानक सगळे नमस्कार करू लागले की तो नमस्कार परत करवत नाही. उलट मीच सांभाळून वागू लागलो. अंडी दूरच्या चौकातून आणायची. गिरणा नदीचे मासे पिशवीत तळाशी आणि वर मेथीची जुडी. देवाची भक्ती न करताही देवभक्ताची सगळी बंधनं मी पाळत होतो.

हिवाळा सरता सरता एके सकाळी नानांनी मला दुकानाच्या आत बोलावलं आणि बसायला स्टूल दिलं. त्यांचे मोठे भाऊ, आबा, गावी शेती बघतात. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. एक बोअर कोरडी गेली होती, आता दुसरी घ्यायची होती. जागा पाणाड्याने (पाणी शोधून देणाऱ्याने) दाखवली होती. मशिन सुरू व्हायच्या आधी नारळ तुमच्या हातून फुटावा, एवढीच नानांची इच्छा होती.

आता मात्र बोलणं भाग होतं. "नाना," मी म्हटलं, "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. ते नारळ मी खातो."

"खायलाच पाहिजे, भाऊ," नाना म्हणाले. "प्रसाद टाकायचा नसतो."

घरी येऊन वैशालीला सांगितलं. ती हसून हसून पलंगावर बसली, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, जा तू. पाणी लागलं नाही तर काय करशील, तेवढं वाटेत ठरव.

वाटेत काही ठरलं नाही. नानांचा मालाचा टेंपो, त्यात पुढे आम्ही दोघं. तापीचा पूल ओलांडला तसा दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागल्या, हिरव्या आणि थंड. चोपडा मागे पडल्यावर बागा विरळ झाल्या. उजव्या हाताला सातपुडा धुरकट दिसत होता, रस्त्याकडेला वाळलेल्या पऱ्हाटीचे (कपाशीच्या काड्यांचे) ढीग. नाना लहानपणच्या गोष्टी सांगत होते आणि प्रत्येक गोष्टीत कुठला तरी ओढा वाहत होता.

शेतावर सगळे आमचीच वाट पाहत होते. आबा उंच, कमी बोलणारे. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. माझ्यात त्यांना साधूसारखं काही दिसलं नसावं, पण धाकट्या भावाचा मान ठेवून त्यांनी नारळ हातात दिला. मी तो एका घावात फोडला. दोन सारख्या वाट्या झाल्या. रोजच्या सवयीचा हात, दुसरं काही नाही. पण माणसांमध्ये समाधानाची कुजबुज झाली आणि नानांनी आबांकडे पाहिलं, कसं आणलं मी, अशा नजरेने.

मशिन सुरू झालं. पांढरी धूळ उडू लागली. लोक बाभळीखाली बसले. आत खडक लागला की मशिनचा आवाज बदलायचा आणि सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. पुन्हा धूळ. दुपार कलली. मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर देवाची प्रार्थना केली, आणि त्यात स्वतःसाठी किती आणि आबांसाठी किती, ते मला सांगता येणार नाही.

शेवटी आबाच उठले. हात वर करून त्यांनी मशिन थांबवायला सांगितलं. जवळ येऊन खाली बसले आणि म्हणाले, "बठ्ठं कोरडंच शे." (सगळं कोरडंच आहे.) माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. मुद्दाम पाहत नव्हते, ते जास्त कठीण होतं. नाना तर जमिनीकडे बघत होते.

मला तिथे बसवेना. पाणी प्यायच्या निमित्ताने शेतातल्या घरात गेलो. आबांच्या बायको, अक्का, चुलीपाशी होत्या. पुढ्यात चवळी शिजवून ठेवलेली. बाजूला ताम्हनात हळदकुंकू लावलेला दुसरा नारळ. पाणी लागल्यावर फोडायचा म्हणून त्यांनी सकाळीच तयार ठेवला होता. त्यांनी तो उचलून माझ्यापुढे धरला.

"आते याना काय करू, भाऊ?" (आता याचं काय करू?)

मी म्हटलं, "अक्का, खरं सांगू? मी याची आमटी करतो. घरी रोज तेच करतो. दुसरं मला काही येत नाही."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. नानांना सांगूनही पटलं नव्हतं ते ऐकून लगेच खरं मानणारी ही पहिलीच व्यक्ती. त्यांनी नारळावरचं कुंकू पदराने पुसलं, चुलीपुढची जागा मोकळी केली आणि सुरी दिली.

खवणी नव्हती. मी खोबरं कोरून तुकडे केले, कांद्याबरोबर भाजले, धणे-मिरच्या घातल्या. पाट्यावर वाटायला अक्का बसल्या, कारण माझा वरवंटा त्यांना बघवेना. आमसुलं नव्हती, चिंच घातली. वास बाहेर गेला तशी माणसं हातपाय धुऊन आत आली.

मग आबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, हे काय आहे. अक्कांनी सांगितलं की नारळाची आमटी आहे, भाऊंनी केली आहे, आणि त्यांच्या घरी नारळ असेच लागतात.

नानांचा हात ताटातच राहिला. "म्हणजे एवढे दिवस जे नेले ते सगळे..."

"आमटीत, नाना," मी म्हटलं. मासे मी वगळले. एका दिवसाला एवढं पुरे होतं.

नानांनी ताट जरा बाजूला सारलं. ते उठून जातील, असं मला वाटलं. मग त्यांनी आबांकडे वळून सावकाश सांगितलं, "मग ठीक आहे, आबा. देवाने नाही म्हटलेलं नाही. त्याला अजून कोणी विचारलंच नव्हतं."

आबांनी मान खाली घातली. खांदे हलले तेव्हा मी घाबरलो, पण ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, अक्कांनी पाणी दिलं, आणि पाणी पिऊन त्यांनी आमटीसाठी वाटी पुन्हा पुढे केली. औंदा केळी लावायची नाही, पुढल्या थंडीत हरभरा बघू, एवढंच नंतर म्हणाले. शेत तसंच कोरडं होतं. त्यावर माझ्यापाशी काही इलाज नव्हता आणि आता तो कुणी मागतही नव्हतं.

परतताना तापीच्या पुलावर मला वाटलं, आता दुकान बदलावं लागणार. प्रवासाला निघताना माणूस नवं गाव बघायला निघतो, पण गाव आपल्याला काय म्हणून बघतं, ते आपल्या हातात नसतं. इतके महिने मला लोकांनी चुकीचं ओळखलं आणि मी सुखात होतो. बरोबर ओळखलं त्या दिवशी मात्र कुणी मला जेवताना पाहुण्यासारखं वाढलं नाही. मीच वाढत होतो.

दुसऱ्या दिवशी भीत भीत दुकानात गेलो. गर्दी होती. नानांनी सगळ्यांना माल दिला, मला शेवटी ठेवलं. दुकानात समोरचे तंबाखूवाले गृहस्थ तेवढे उरले, तेही पायरीवर. नाना फळीवरून पुढे वाकले, इकडे तिकडे पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "भाऊ, आधी कांदा भाजायचा की खोबरं?"

मीही वाकून त्यांच्या कानात सांगितलं. नानांनी डोळे मिटून ते मनात दोनदा घोळवलं. पायरीवरच्या गृहस्थांनी तोंडातला तंबाखू थुंकला आणि हात जोडले.