परत बरणीत गेलेलं गोखरू

पन्नाशीत मी एक दिव्य शहाणपणा केला. लघवीला जळजळ, अंगात ताप, तरी लाजेपोटी घरात न सांगता चार दिवस गोखरूचा काढा ढोसला. जणू वैद्यच की मी! गोखरू संपलं तसं आणखी आणायला सांगलीच्या बाजारात गेले.

तिथल्या जडीबुटीवाल्या चाचांनी पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता हळूच विचारलं, "थंडी वाजती? कंबर दुखती?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी दोरा सोडला, गोखरू परत बरणीत ओतलं आणि मला रिक्षात बसवून दवाखान्यात धाडलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते.

बरी झाल्यावर विचारलं, "स्वतःचाच माल का नाकारलात?"

"आवं ताई, गोखरूनं लघवी सुटती, हे बापजाद्यापासनं बघतोय. जंतू मरत्यात, हे अजून कुनी पक्कं दावलं न्हाई. मग तुमच्या जिवावर मी कसं आजमावू?"