दाजींच्या अंगातला शास्त्रज्ञ

आमच्या दाजींइतका दुसऱ्याच्या आयुष्यात बिऱ्हाड करून राहिलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कृषी विद्यालयातून निवृत्त झालेले मास्तर. अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मलेल्या आणि कापसानं नापीक झालेल्या जमिनीला भुईमुगानं पुन्हा जीव देणाऱ्या एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञावर ते गावोगावी एकपात्री प्रयोग करतात. बरं, ते प्रयोगापुरतं ठेवावं, तर तेही नाही. मंगळवार पेठेतल्या घरी दाजी पहाटे कुंड्यांशी त्या शास्त्रज्ञासारखं हलक्या आवाजात बोलतात, भाजी आणायला निघतानाही कोटाला फूल खोवतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला, "पावणं, ऊस काढल्यावर रानात शेंगा टाकताय न्हवं?" असं विचारतात, की त्याची जिलेबी हातातच राहते. "माझं लगीन ह्यांच्याशी झालंय का त्या अमेरिकेतल्या सायबाशी, तेच कळंना," असं ताई म्हणते.

मागच्या हिवाळ्यात कोडोलीच्या प्रयोगाला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पडदा उघडण्याआधी संयोजक काळ्या रंगाची डबी घेऊन आले. "तोंडाला लावा की सर. त्याशिवाय लोकांना पटायचं न्हाय."

दाजींनी डबीला हात लावला नाही. "ह्या रंगापायी त्याला कॉलेजच्या दारातनं परत लावलं," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या आज्यालाबी जात बघून शाळेनं असंच परत धाडलेलं. ते तोंडाला फासून सोंग करू व्हय?"

संयोजक चिडले, प्रयोगच रद्द करतो म्हणाले. दाजी कोटाची बटणं लावत राहिले. बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा पडदा उघडावाच लागला.

"ह्यो तर आपल्यातलाच दिसतोय," असं म्हणून सुरुवातीला लोक हसले. मग तो शास्त्रज्ञ तान्हा असतानाच त्याच्या आईला दरोडेखोरांनी पळवून नेल्याचा प्रसंग आला आणि हसू विरलं. प्रयोगानंतर दाजी त्याच भूमिकेत राहून प्रश्नांना उत्तरं देतात. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. "बाळा, तुझी आई मागनं कधी गावली का रं?"

दाजींकडे भुईमुगावरच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर असतं. त्या संध्याकाळी त्यांनी आधी कोटावरचं फूल काढून हातात घेतलं. "न्हाय, आज्जी," ते म्हणाले. "गावली न्हाय."

म्हातारी रंगमंचापाशी आली. दाजी वाकले. तिनं त्यांच्या न रंगवलेल्या गालावरून हात फिरवला.

हल्ली दाजींचं पाठांतर दगा देतं, म्हणून मी विंगेत बसून शब्द पुरवतो. आईच्या प्रसंगाला मात्र कोडोलीपासून ते मधेच थांबतात. पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. मी ते पुरवत नाही.